सामाईक विहीर आणि पाळीचा नियम : लिनक्स कर्नेलच्या नेटवर्क विभागातील एका दोषाचा इतिहास

प्रस्तावना

मराठवाड्यात भावाभावांत जमीन वाटली गेली, तरी विहीर पुष्कळदा सामाईकच राहते. मग पाण्याची पाळी ठरवावी लागते. शिरूर अनंतपाळसारख्या लातूर जिल्ह्यातील तालुक्यात ही गोष्ट कोणास समजावून सांगावी लागत नाही. विहीर तीच, पाणीही तेच. तंटा उद्भवतो तो क्रम मोडल्यामुळे. याच शेतकऱ्याच्या हातातील अँड्रॉइड भ्रमणध्वनी ज्या लिनक्स कर्नेलवर चालतो, त्याच्यापुढेही हाच प्रश्न उभा असतो. प्रस्तुत लेखात त्या कर्नेलमधील एका दोषाचा २०११ ते २०१७ या काळातील इतिहास पाहावयाचा आहे.

पार्श्वभूमी

१९९६ च्या २.० आवृत्तीपासून लिनक्स एकाहून अधिक प्रोसेसर असलेल्या संगणकांवर चालू लागले. त्या वेळी संपूर्ण कर्नेलला एकच मोठे कुलूप होते. एक प्रोसेसर कर्नेलमध्ये काम करीत असता दुसऱ्यास बाहेर थांबावे लागे. व्यवस्था सुरक्षित होती, परंतु संथ होती. म्हणून पुढे लहान लहान कुलपे आली. जानेवारी २००१ मधील २.४ आवृत्तीत नेटवर्क विभाग अनेक प्रोसेसरांवर समांतर चालू लागला आणि मे २०११ मधील २.६.३९ आवृत्तीत ते मोठे कुलूप कायमचे गेले. वेग वाढला, मात्र कोणते कुलूप केव्हा लावावयाचे, याची जबाबदारी प्रत्येक ओळ लिहिणाऱ्यावर आली.

दोषाचे स्वरूप

जाळ्यावरून येणारी पाकिटे जशीच्या तशी वाचण्यासाठी लिनक्समध्ये ‘पॅकेट सॉकेट’ नावाची सोय आहे. पाकिटे ठेवण्यासाठी तिच्यात एक वर्तुळाकार साठा असतो. ऑगस्ट २०११ मध्ये या साठ्याची तिसरी पद्धत कर्नेलमध्ये समाविष्ट झाली. तिच्यात एक टायमर होता. साठा मोडताना पद्धत तिसरी असेल, तरच तो टायमर बंद केला जाई.

साठा अस्तित्वात असताना पद्धत बदलता येऊ नये, अशी तपासणी होती. परंतु ती कुलपाबाहेर होती. साठा उभारणाऱ्या भागातही कुलूप होते. पण ते टायमर सुरू झाल्यानंतर लागत असे. त्यामुळे एका प्रवाहाने टायमर सुरू केला, पण साठ्याची नोंद अद्याप झाली नाही, एवढ्या अवधीत दुसरा प्रवाह ‘साठा नाही’ असे पाहून पद्धत पहिली करू शके. पुढे सॉकेट मिटताना टायमर चालूच राही आणि मोकळ्या झालेल्या स्मृतीला हात घाली. याचा लाभ घेऊन सामान्य वापरकर्त्यास संगणकाचे सर्वाधिकार मिळवता येत.

दुरुस्ती आणि तिची मर्यादा

हा दोष सुमारे पाच वर्षे राहिला. २०१६ च्या अखेरीस फिलिप पेटरसन यांनी तो शोधून दुरुस्त केला. त्याची नोंद सीव्हीई-२०१६-८६५५ या क्रमांकाने झाली. दुरुस्ती अगदी थोड्या ओळींची होती. कुलूप साठा उभारण्याच्या आरंभीच लावले गेले आणि पद्धत बदलण्यापूर्वीची तपासणीही त्याच कुलपाच्या आत आणली गेली.

इतिहास येथे संपत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये याच सॉकेटमध्ये त्याच जातीचा दुसरा दोष उघड झाला. या वेळी पद्धतीऐवजी राखीव जागेचा आकडा कुलपाबाहेर बदलला जात होता. विलेम डी ब्रुइन यांनी केलेला उपायही पहिल्यासारखाच होता.

निष्कर्ष

कुलूप मुळीच नव्हते म्हणून हा दोष घडला, असे म्हणता येत नाही. ‘पाहणे’ आणि ‘करणे’ या दोन क्रिया एकाच कुलपाखाली नव्हत्या, हे त्याचे कारण होय. पहिल्या दुरुस्तीने एक वाट बंद केली. त्याच साठ्याकडे जाणाऱ्या इतर वाटा त्याच वेळी तपासल्या गेल्या असत्या, तर दुसरा दोष आठ महिने अधिक राहिला नसता. सामाईक विहिरीवर एका भावाशी पाळी ठरवून भागत नाही. पाणी उपसणाऱ्या प्रत्येकास ती लागू करावी लागते. समांतर चालणाऱ्या आज्ञावलींच्या दुरुस्तीचा धडाही हाच आहे.