एका डॉलरचं तिकीट

अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या बंदरात शिरताना तोंडाशीच बॅलास्ट पॉइंट लागतो. १८५०च्या दशकाच्या अखेरीपासून इथे प्रचंड कढयांत देवमाशांची चरबी कढवून दिव्यांचं तेल काढत.

करडा देवमासा किनारा धरून पोहतो, हेच त्याला भोवलं. हिवाळ्यात तो अलास्कापलीकडच्या थंड समुद्रातून मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातल्या उथळ खाजणांत वीण घालायला येतो. जाऊन-येऊन सोळा हजार किलोमीटरांहून लांबचा प्रवास! कॅप्टन चार्ल्स स्कॅमनने १८५७च्या हिवाळ्यात शिकारीसाठी जहाज थेट त्या खाजणांतच घातलं. पिलांसाठी माद्या होड्या फोडत, खलाशांना जायबंदी करत. तरीही काही दशकांतच कळप इतके विरळ झाले की धंदाच बसला. याच स्कॅमनने १८७४मध्ये या प्राण्यांवर ग्रंथ लिहिला. त्यातली निरीक्षणं अस्सल आहेत. पण ती मिळवण्याची किंमत फार मोठी होती.

विसाव्या शतकात आंतरराष्ट्रीय करारांनी शिकार थांबवली आणि देवमासे पुन्हा दिसू लागले. १९५०मध्ये सॅन दिएगोतल्याच पॉइंट लोमाच्या टेकडीवर ते पाहण्याची सोय झाली. पहिल्याच वर्षी सुमारे दहा हजार माणसं आली. १९५५मध्ये तिथल्या एका मच्छीमाराने डॉलरभर घेऊन लोकांना होडीतून न्यायला सुरुवात केली.

आजही सहल ठरवताना त्याच स्थलांतराचं वेळापत्रक पाहावं लागतं: करड्यांसाठी डिसेंबर ते एप्रिल, निळ्या देवमाशांसाठी उन्हाळा. १९७२च्या अमेरिकी कायद्याने देवमाशांचा पाठलाग करून त्यांना त्रास देणं गुन्हा ठरलं आहे.