येसकराच्या काठीपासून कॉलेजच्या पायरीपर्यंत



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे आणि तिच्यात मी शिक्षणावर लिहावं असा कार्यकर्त्यांचा आग्रह झाला. मी गिरणी कामगार. कॉलेजची पायरी चढलो ती फक्त सभेची पत्रकं वाटायला. पण ज्याला पाणी मिळालं नाही त्यालाच तहानेची खरी किंमत ठाऊक असते, म्हणून हे धाडस करतो. आजकाल आपल्या वस्तीत एक प्रश्न सारखा कानावर येतो : "कॉलेज करून काय मिळतं? थोरला बी.ए. होऊन घरीच बसलाय. त्यापेक्षा धाकटा बारावीनंतर सुप्याच्या एमआयडीसीत लागला, ते बरं." हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचं उत्तर इतिहासात शोधावं लागेल.

आपल्या जिल्ह्याचंच पाहू. आजचा अहिल्यानगर, तेव्हाचा अहमदनगर जिल्हा शिक्षणात मागे नव्हता. मिस फेरार यांची मुलींची शाळा इथे नगरलाच होती. ती पाहून महात्मा जोतीराव फुल्यांना प्रेरणा मिळाली आणि १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. पण शाळा जवळ असली म्हणून आपल्या माणसाला ती मिळाली असं झालं नाही. आपल्या पूर्वजांच्या हातात पाटी नव्हती, येसकराची काठी होती. सरकारी टपाल पोचवा, मयताचा सांगावा गावोगाव न्या, साहेब आला की घोड्यापुढे धावा. बदल्यात बलुतं आणि तुकडाभर वतनी जमीन. ज्या घरात येसकरपाळी, त्या घरातला पोरगा शाळेत टिकणार कसा? बाप आजारी पडला की काठी पोराच्या हातात यायची. १८७४ च्या वतन कायद्याने ही दोरी आणखी पक्की केली होती.

ही दोरी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बिल आणलं. डिसेंबर १९३९ मध्ये ते आपल्या जिल्ह्यात हरेगावला आले आणि वतनदारांच्या मोठ्या परिषदेत बोलले. त्याआधी १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम आपल्या जिल्ह्यातून कायदेमंडळात गेले होते. कायद्याने ही वतनं गेली ती १९५८ च्या कायद्यानंतर. म्हणजे आज सत्तरीच्या पुढे असलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांनी बालपणी ती काठी डोळ्यांनी पाहिलेली आहे. फार जुनी गोष्ट नाही ही.

आता स्वतः बाबासाहेबांकडे या. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा सुभेदार रामजी परळच्या चाळीत एका खोलीत राहत होते. आजूबाजूला सगळ्या गिरण्या. त्या चाळींतल्या पोरांची वाट ठरलेली असायची, गिरणीचा भोंगा झाला की बापाच्या मागोमाग खात्यात. भीमरावांची वाट वेगळी झाली ती दोन कारणांनी. एक म्हणजे बापाची जिद्द. दुसरं म्हणजे केळुसकर गुरुजी. मॅट्रिकच्या सत्कारात त्यांनी आपण लिहिलेलं गौतम बुद्धांचं चरित्र या मुलाला भेट दिलं. पुढे कॉलेज अडलं तेव्हा त्यांनीच सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपये शिष्यवृत्ती सुरू झाली. बंधूंनो, विचार करा. ते २५ रुपये मिळाले नसते तर? १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. म्हणजे बुद्धाचं पुस्तक आणि कॉलेजची फी, दोन्ही एकाच माणसाच्या हातून आली. विहार आणि विद्यालय यांचं नातं तिथपासूनचं आहे.

आपल्याला मिळालेला आधार बाबासाहेब विसरले नाहीत. १९४२ ते ४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. तेव्हा त्यांनी सरकारकडे अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठी पैसा मागितला आणि १९४४ पासून केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपली मुलं जो फॉर्म मोबाईलवर भरतात त्याचं मूळ हे आहे. ती सरकारची खैरात नाही, भांडून मिळवलेला हक्क आहे.

८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडलं. सुरुवातीला मरीन लाइन्सला युद्धकाळातल्या बराकीत वर्ग भरत. या कॉलेजची गरिबाला समजणारी मोठी गोष्ट म्हणजे सकाळचे वर्ग. सकाळी तास करायचे आणि मग कामावर जायचं. कारकून, शिपाई, कामगार यांना पगार न सोडता शिकता यावं, हा हिशेब गरिबी भोगलेल्या माणसालाच सुचतो.

मग १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला कॉलेज निघालं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. आपल्या नेवाशाकडच्या पोरांना ते मुंबई-पुण्यापेक्षा जवळचं. प्रवरासंगमचा पूल ओलांडला की निम्मी वाट सरली. बाबासाहेबांनी नाव कोणाचं दिलं पाहा. मिलिंद राजाने भन्ते नागसेनांना प्रश्नावर प्रश्न विचारले, उत्तरं पटली तेव्हाच तो वाकला. कॉलेज कशासाठी, याचं उत्तर त्या नावातच आहे. तिथेच डॉ. गंगाधर पानतावणे यांच्यासारखे अध्यापक झाले आणि दलित साहित्याच्या चळवळीला बळ मिळालं.

आपल्या जिल्ह्यात डॉ. भा. पां. हिवाळे यांनी १९४७ साली अहमदनगर कॉलेज काढलं. त्याच साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू करून 'कमवा आणि शिका' हा मार्ग दाखवला. साठच्या दशकात श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगाव इथे कॉलेजं आली. अकोल्याचे दादासाहेब रुपवते शिकले, वकील झाले, मंत्रीही झाले, पण गोरगरिबांच्या मुलांसाठी वसतिगृहांचं काम त्यांनी हाती घेतलंच. एक शिकला की दहांना दार उघडतं ते असं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कॉलेजचा फायदा काय? नोकरी, हे पहिलं उत्तर. राखीव जागा असो की खुली, अर्जावर पदवीचा रकाना असतोच. तो कोरा असला की आपला कागद बाजूला पडतो. बँक, शाळा, कचेरी, न्यायालय इथे आपली पहिली पिढी बसली ती पदवीच्या जोरावर. पण मी खोटं बोलणार नाही. आज पदवी म्हणजे नोकरीची हमी नाही. सरकारी भरती आटली, कंत्राटी पद्धत वाढली, खाजगी कॉलेजांची फी गरिबाच्या छातीवर बसते, शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही. हे सगळं खरं आहे.

तरीही ऐका. आमची गिरणी बंद पडायच्या वेळी एक दिवस कागद आले, सगळे इंग्रजीत. कुठे सही करायची तिथे पेन्सिलीने फुल्या मारलेल्या. वीस-वीस वर्षं मशीन चालवलेली माणसं मुकाट्याने रांगेत उभी. आमच्या खात्यात एकच जण सकाळचं कॉलेज केलेला होता. तो रांगेतून बाहेर आला, खाली बसला आणि कागद पहिल्या ओळीपासून वाचून आम्हाला मराठीत सांगू लागला. रजेचे पैसे त्यात धरलेच नव्हते. त्या दिवशी आम्ही सही केली नाही. पुढे हिशेब दुरुस्त होऊन आला. त्या माणसाला पदवीने मोठी नोकरी दिली नव्हती, तो आमच्यासारखाच कामगार होता. पण पदवीने त्याला विचारायची हिंमत दिली होती. मला त्या दिवशी कळलं, मी कॉलेज न करून काय गमावलं ते.

एमआयडीसीत लागलेल्या धाकट्याला माझा विरोध नाही. श्रमाला कमी लेखणारा मी कोण? पण त्याच्या हातात कंत्राटदाराचा कागद येईल तेव्हा तो वाचता यावा, एवढंच म्हणणं आहे. काम करता करता मुक्त विद्यापीठातून शिकता येतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून त्यासाठीच आहे. आणि मुलींबाबत तर हात जोडून सांगतो. बारावी झाली की स्थळं बघू नका. शिकलेल्या आईच्या घरात पुढची पिढी शाळा सोडत नाही.

शेवटी विहाराच्या कमिटीला एक सूचना. दर रविवारी वंदना झाल्यावर तासभर तरी विहारात फॉर्मचं टेबल लावा. शिष्यवृत्ती, स्वाधार योजना, वसतिगृह, जातपडताळणी, जो काय कागद असेल तो आपल्या शिकलेल्या मुलांनी बसून भरून द्यावा. दाखल्यासाठी तालुक्याला तीन खेपा मारून कंटाळलेला बाप पोराला कामाला लावतो, हे मी पाहिलंय. त्या तीन खेपा विहाराने वाचवल्या तर एक पदवीधर वाढेल.

केळुसकर गुरुजींनी एका मुलाला पुस्तक दिलं आणि त्याच्या फीसाठी शब्द टाकला. एवढंच केलं. आपल्यालाही तेवढंच करायचंय.

नमो बुद्धाय! जयभीम!