अकाली जन्मणारी बाळे आणि स्टेरॉइड उपचार

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला अकाली जन्मलेले बाळ म्हणतात. यांपैकी ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळांना सर्वांत मोठा धोका श्वसनाचा असतो. फुप्फुसांतील वायुकोश उघडे ठेवणारा ‘सर्फॅक्टंट’ हा पदार्थ त्यांच्या शरीरात पुरेसा तयार झालेला नसतो. त्यामुळे श्वास सोडताच वायुकोश मिटतात आणि पुढचा श्वास घेणे बाळाला कठीण होते.

यावरील प्रभावी उपाय जन्मापूर्वी, मातेवर केला जातो. बीटामेथासोन किंवा डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचे इंजेक्शन मातेला दिले असता औषध वारेतून गर्भापर्यंत पोहोचते आणि फुप्फुसांची वाढ लवकर पूर्णत्वाकडे जाते.

हा शोध न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे लागला. प्रसूतीला सुरुवात कशामुळे होते, याचा अभ्यास मेंढ्यांवर करीत असताना डॉ. ग्रॅहॅम लिगिन्स यांना एक अनपेक्षित गोष्ट आढळली. स्टेरॉइड मिळालेली अकाली जन्मलेली कोकरे श्वास घेऊ शकत होती. १९६९ मध्ये त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. १९७२ मध्ये लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांनी २८२ मातांवरील चाचणीचे निष्कर्ष मांडले. उपचार न मिळालेल्या गटात जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांतील बालमृत्यूंचे प्रमाण १५ टक्के, तर उपचार मिळालेल्या गटात ३.२ टक्के होते. तरीही हा उपचार सर्वत्र रूढ होण्यास सुमारे दोन दशके लागली.

भारत सरकारने २०१४ मध्ये २४ ते ३४ आठवड्यांदरम्यान अकाली प्रसूतीच्या कळा सुरू झालेल्या मातांसाठी मार्गदर्शक सूचना जारी केल्या. त्यांनुसार डेक्सामेथासोनची ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शने दर १२ तासांनी दिली जातात.

त्याच वर्षी नागपूर व बेळगावसह सहा देशांत झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष मात्र चिंताजनक ठरले. गावपातळीपर्यंत हा उपचार पोहोचवूनही कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू घटले नाहीत. उलट, एकूण नवजात मृत्यूंत किंचित वाढ दिसली. औषध मिळालेल्या अनेक मातांची प्रसूती प्रत्यक्षात दिवस भरत आल्यावर झाली होती.

२०२० मध्ये भारतासह पाच देशांतील २९ रुग्णालयांतील चाचणीने ही शंका बऱ्याच अंशी दूर केली. तेथे गर्भाचे वय सोनोग्राफीने निश्चित केले होते आणि नवजात बालकांच्या देखभालीची सोय होती. डेक्सामेथासोन मिळालेल्या गटात नवजात मृत्यूंचे प्रमाण २३.५ टक्क्यांऐवजी १९.६ टक्के राहिले.

जन्मानंतर थेट बाळाला स्टेरॉइड देताना अधिक सावधगिरी बाळगली जाते. डेक्सामेथासोनमुळे कृत्रिम श्वसनयंत्रापासून बाळाची लवकर सुटका होते. परंतु सुरुवातीच्या दिवसांत दिल्यास सेरेब्रल पाल्सीचा धोका वाढतो. म्हणूनच २००२ मध्ये अमेरिका व कॅनडातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी त्याचा सरसकट वापर टाळण्याचा सल्ला दिला.

औषध स्वस्त आहे. परंतु त्याचा लाभ गर्भाच्या वयाचे अचूक निदान, मातेला संसर्ग नसल्याची खात्री आणि जन्मानंतर बाळाची योग्य देखभाल यांवर अवलंबून असतो. दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्यास मातेला अशी सोय असलेल्या रुग्णालयात विनाविलंब नेणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.