लोणी, चीज की चटणी? शेंगदाण्याच्या जागेचा इतिहास

खाद्यपदार्थांच्या इतिहासावर काम करायचं म्हटलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा पदार्थ कुठून आला आणि कधी आला? प्रश्न चुकीचा नाही, पण तो आपल्याला फार लांब नेत नाही. आज एक वेगळा प्रश्न विचारून बघू. नवा पदार्थ आला तेव्हा त्याला ताटात कुणाची जागा मिळाली? उदाहरण घेऊ शेंगदाण्याचं. एकच दाणा, तो भाजून कुटायचा, ही कृतीही जवळपास एकच. तरी अमेरिकेत तो ब्रेडवर जॅमसोबत गोड होऊन बसतो आणि सोलापूर जिल्ह्यात कडक भाकरीसोबत तिखटजाळ. असं का?

"ज्याची त्याची आवड" हे उत्तर इतिहासात चालत नाही. आवड कशी घडली, हेच तर शोधायचं आहे.

आधी एक योगायोग. १८८४ साली कॅनडातल्या माँट्रियलच्या मार्सेलस गिलमोर एडसन यांना भाजलेल्या शेंगदाण्याच्या लगद्यासाठी अमेरिकेचं पेटंट मिळालं. त्याच साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूर जिल्ह्यावरचा खंड छापून आला. एका कागदावर दाणा कसा दळायचा याची नोंद आहे आणि खाली माणसाचं नाव आहे. दुसऱ्या ग्रंथात पिकं, पाऊस, जाती, बाजार असं सगळं आहे. कोण काय खातं तेही आहे, म्हणजे ज्वारीची भाकरी, डाळ, भाजी. पण भाकरीच्या कडेला चमचाभर काय होतं, ते कुणी कुटलं, किती वेळ कुटलं, हे असल्या सरकारी नोंदींत सापडणं कठीण. पेटंटला कागद लागतो, उखळाला लागत नाही. म्हणून फक्त कागद धरून इतिहास लिहिला, तर शेंगदाणा कुटायची अक्कल १८८४ साली माँट्रियलमध्ये जन्मली असं वाटायला लागतं. या विषयातला खरा धोका हाच आहे.

आता मैंदर्गीकडे येऊ. अक्कलकोट तालुक्यातलं, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेलं हे गाव. या पट्ट्यात मराठी आणि कन्नड एकाच घरात, कधी एकाच वाक्यात नांदतात. इथे नुसतं "शेंगा" म्हटलं की भुईमुगाच्याच शेंगा. उत्तर कर्नाटकातल्या कन्नडमध्येही शब्द तोच, शेंगा. आणि चटणीला तिकडे म्हणतात "शेंगा हिंडी". आता या शब्दाची भावंडं बघा. जवसाची ती "अगसी हिंडी", कारळ्याची ती "गुरेळ्ळ हिंडी". मराठीतही तसंच आहे: जवसाची चटणी, कारळ्याची चटणी, तिळाची चटणी आणि शेंगदाण्याची चटणी. ही रांग म्हणजे पुरावाच आहे, फक्त तो दफ्तरात नाही, तोंडात आहे.

का, ते सांगतो. तीळ, जवस, कारळं ही दख्खनच्या कोरडवाहू शेतातली जुनी तेलबियांची पिकं. भुईमूग मात्र दक्षिण अमेरिकेतला. तो पोर्तुगीजांनी सुरू केलेल्या सागरी व्यापाराच्या काळानंतरच आपल्याकडे पोचला. मिरचीचंही तसंच. म्हणजे आज जिला आपण सोलापूरची "पारंपरिक" शेंगा चटणी म्हणतो, तिच्यातले दोन मुख्य घटक अमेरिका खंडातून आलेले पाहुणे आहेत. मग परंपरा कशात आहे? ती आहे जागेत. तेलबी भाजायची, लसूण-मीठ घालून कुटायची आणि भाकरीला तोंडी लावायची, ही जागा आधीपासून होती. शेंगदाणा आला आणि तिथे जाऊन बसला. त्याच्या नावाकडे पाहिलं तरी तेच दिसतं. भुईमूग म्हणजे भुईतला मूग. नव्या पाहुण्याला आपण जुन्या ओळखीच्या माणसाचं नाव दिलं.

अमेरिकेत तेलबीच्या चटणीची अशी जागा नव्हती. तिथे ब्रेड होता आणि ब्रेडवर लोणी लावायची सवय होती. म्हणून दळलेला शेंगदाणा लोण्याच्या जागी गेला आणि नावही तेच मिळालं: पीनट बटर. आता ब्रेड-लोण्याच्या शेजारी जॅम आधीच बसलेला होता. १९०१ साली ज्युलिया डेव्हिस चँडलर यांनी बोस्टनच्या एका पाककला मासिकात शेंगदाण्याचा लगदा आणि फळांची जेली असं सँडविच सुचवलं, ते या शेजारामुळेच सुचण्यासारखं होतं. आणि हॉलंडमध्ये? तिथे याच पदार्थाला "पिंडाकास" म्हणतात, म्हणजे शब्दशः शेंगदाण्याचं चीज. लोण्याचं नाव कायद्याने राखीव होतं म्हणून चीज म्हटलं, असं सर्रास सांगितलं जातं. पण हा शब्द त्याआधी, अठराव्या शतकातच, सुरिनाम या डच वसाहतीत आढळतो. लोकप्रिय खुलासा आणि जुना पुरावा यांत असं अंतर दिसलं की तिथे थांबायचं, कारण संशोधनाची जागा बहुतेक वेळा तिथेच असते.

थोडक्यात, एकच दाणा एकीकडे लोणी झाला, दुसरीकडे चीज आणि तिसरीकडे चटणी.

यावर तुम्ही हरकत घ्याल, आणि घ्यायलाच हवी: मग आपल्याकडे शेंगदाणा गोड खातच नाहीत का? खातात की. चिक्की आहे, दाण्याचा लाडू आहे. याच सीमाभागात शेंगा पोळी, कन्नडमध्ये शेंगा होळिगे, घरोघरी होते. दाण्याचं कूट आणि गूळ भरलेली ही पोळी म्हणजे संक्रांतीच्या तिळगुळाच्या पोळीची सख्खी बहीण. इथे शेंगदाण्याला तिळाची गोड जागा मिळाली. म्हणजे "त्यांची जीभ गोड, आपली तिखट" हा सिद्धांत टिकत नाही. माणूस तोच, दाणा तोच, पण रोजच्या भाकरीसोबत तिखट आणि सणाच्या पोळीत गोड. पोळीला लावायच्या गोडाचीही आपली वेगळी मंडळी आहेतच: साखरांबा, गुळांबा, काकवी, नाहीतर सरळ गूळ-तूप. ती जागा भरलेली होती, तिथे शेंगदाण्याच्या लगद्याला बोलावणं आलं नाही.

जागेवरून सगळंच उलगडतं असंही नाही. तंत्र आणि बाजारही बघावा लागतो. सोलापुरी चटणी उखळात इतकी कुटतात की दाण्याचं तेल सुटून ती ओलसर होते. तेल सुटणं ही उत्तम चटणीची खूण. अमेरिकेतल्या कारखानदाराला मात्र तेच तेल नको होतं. बाटलीत ते वर तरंगायचं आणि खवट व्हायचं. १९२० च्या दशकात जोसेफ रोझफिल्ड यांनी तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून ते लगद्यातच धरून ठेवायची युक्ती काढली आणि त्याचं पेटंट घेतलं. मग बाटली महिनोन्‌महिने दुकानात राहू लागली. इकडे टिकायचं काम कडक भाकरीकडे होतं. पातळ थापलेली, वाळवून ठेवलेली ज्वारीची भाकरी आणि सोबत कोरडी चटणी, प्रवासाला आणि रानात न्यायला. टिकाऊपणाचा प्रश्न दोन्हीकडे होता, पण एकीकडे तो कंपनीने सोडवला आणि दुसरीकडे बायकांच्या हातांनी. पहिल्याची तारीख आपल्याला माहीत आहे, दुसऱ्याची नाही. म्हणून दुसरा शोध लहान ठरत नाही.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी यातून काय घ्यायचं? एक, आपल्या शब्दकोटीकडे संशयाने बघा. "स्प्रेड" हा वर्ग घेऊन मैंदर्गीत गेलात तर हाती काही लागणार नाही. "तोंडी लावायला काय?" असं विचारा, वही भरेल. दोन, "इथे पीनट बटर का झालं नाही?" असला नकारार्थी प्रश्न शक्यतो टाळा. त्यात दुसऱ्याचा इतिहास मोजपट्टी होऊन बसतो. तीन, सीमाभागात काम करत असाल तर दोन्ही भाषांतले शब्द एकाच पानावर शेजारी-शेजारी लिहा. शेंगा हिंडी आणि अगसी हिंडी यांचं नातं फक्त मराठीत शोधलं असतं तर निम्मंच दिसलं असतं.

आणि एक काम लगेच करण्यासारखं आहे. उखळात कुटलेल्या आणि मिक्सरमध्ये फिरवलेल्या चटणीतला फरक सांगू शकणाऱ्या आज्या, मावश्या, आत्या अजून आहेत. दाणा किती भाजायचा, लसूण कधी घालायची, तेल सुटलं हे हाताला कसं कळतं, हे त्यांना विचारून तारीख आणि गाव घालून लिहून ठेवा. ही माहिती कुठल्याही गॅझेटियरमध्ये शोधायला गेलात तर मिळायची नाही. तुम्ही लिहिलंत तरच पुढच्या संशोधकाला ती कागदावर सापडेल.