चावी काढली तरी जादा लाइट चालूच? रिले असा जोडा

परभणीहून गंगाखेड किंवा जिंतूरला रात्री जायचं, म्हणून अनेक जण बाइकला जादा एलईडी लाइट बसवतात. वायर थेट बॅटरीला जोडली, तर चावी काढल्यावरही लाइट चालू राहू शकतो. मग सकाळी बॅटरी उतरलेली असते आणि सेल्फ लागत नाही.

उपाय : चार पिनांचा रिले.

- ३० : फ्यूजमधून बॅटरीच्या प्लसला
- ८७ : लाइटला
- ८५ : अर्थिंगला
- ८६ : स्विचमधून, चावी फिरवल्यावरच करंट येणाऱ्या वायरला

चावी बंद, की रिले सुटतो आणि लाइट विझतो.

१२ व्होल्टवर ६० वॉटचे लाइट ५ अँपिअर घेतात, त्यांना ७.५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. तो बॅटरीजवळच लावा. आणि लाइट थोडे खाली वळवा, समोरच्याचे डोळे दिपायला नकोत.