भाडेवाढ, पावती आणि शंभर वर्षांचा कायदा

आमच्या शाळेत वर्षाच्या मध्येच दाखला मागायला पालक येतात, तेव्हा बहुतेक वेळा कारण एकच असते. घर बदलले. का बदलले, असे विचारले की उत्तरही ठरलेले असते. "सर, मालकाने किराया वाढवला. या महिन्यापासून द्या म्हणाला, नाहीतर खोली खाली करा."

"तुम्ही काय उत्तर दिलंत?" असे विचारले की पालक गप्प होतात. उत्तर देता येते, हेच अनेकांना माहीत नसते. मुस्लिम भाडेकरूला तर आणखी एक धास्ती असते. हे घर गेले तर नाव ऐकून दुसरे कोण देईल? म्हणून तो एक तर मुकाट्याने वाढीव भाडे देतो किंवा मुकाट्याने घर सोडतो. भाडेकरूंच्या कायद्याचा इतिहास वाचताना माझ्या लक्षात आले ते असे की, हा कायदा मुळात जन्मालाच आला तो गप्प न बसलेल्या माणसांमुळे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात शस्त्रास्त्रांच्या आणि जहाजांच्या कारखान्यांत कामासाठी हजारो कामगार आले. घरे कमी पडू लागली आणि मालकांनी भाडी वाढवली. पुरुष युद्धावर किंवा कारखान्यात, घरी बायका. मेरी बार्बर आणि तिच्यासारख्या अनेकींनी गल्लोगल्ली समित्या उभ्या केल्या. त्यांचा ठराव साधा होता : जुने भाडे देऊ, वाढ देणार नाही. १७ नोव्हेंबर १९१५ रोजी १८ भाडेकरूंना कोर्टात बोलावले गेले, तेव्हा हजारो लोक कोर्टासमोर जमले आणि खटले मागे घेतले गेले. त्याच वर्षअखेरीस ब्रिटिश संसदेने कायदा करून लहान घरांची भाडी ऑगस्ट १९१४ च्या पातळीवर गोठवली.

मुंबईतही त्याच युद्धाने महागाई आणली होती. बांधकाम मंदावले होते आणि गिरण्यांच्या शहरात माणसे येतच होती. १९१८ मध्ये मुंबई सरकारने युद्धकाळापुरता भाडेनियंत्रण कायदा आणला. १ जानेवारी १९१६ रोजी जे भाडे होते ते 'प्रमाण भाडे' धरले गेले. तो कायदा काही वर्षांनी संपला. दुसऱ्या महायुद्धात तीच टंचाई परत आली आणि पुढे १९४७ चा मुंबई भाडे कायदा आला. तो १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला आणि त्यात प्रमाण भाड्यासाठी १ सप्टेंबर १९४० ही तारीख धरली गेली.

या कायद्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. जो भाडेकरू प्रमाण भाडे आणि कायद्याने मान्य केलेली वाढ द्यायला 'तयार आणि राजी' आहे, त्याला थकबाकीच्या नावाखाली घराबाहेर काढता येत नाही. म्हणजे संरक्षण भाडे न देणाऱ्याला नाही, योग्य भाडे देणाऱ्याला आहे. ही गोष्ट आपल्याकडे फार जण उलटी समजतात. वाढ मान्य नाही म्हणून सगळेच भाडे थांबवतात आणि तिथेच त्यांची बाजू लंगडी होते.

डोंगरी, भेंडीबाजार, मदनपुरा इथल्या जुन्या भाडेकरूंना हे पक्के ठाऊक होते. मालकाने भाडे घ्यायला नकार दिला की ते मनीऑर्डर करत. ती परत आली तरी तिचा कागद जपून ठेवत. "आम्ही देत होतो, यांनी घेतले नाही" हे सांगायला तो कागद पुरेसा असे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. १९४० ची भाडी पन्नास वर्षांनीही तशीच राहिली. त्यात इमारतीची दुरुस्ती निघेना. पागडीचा व्यवहार वाढला, इमारती खचल्या. अशा इमारतींच्या मालकांत सामान्य घरेही होती. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात म्हटले की, भाडी अशी गोठवून ठेवणे आता वाजवी राहिलेले नाही.

त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. तोवर राज्यात तीन कायदे चालत होते. मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्रात १९४७ चा, विदर्भात मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा आदेश आणि मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा कायदा. नागपूरच्या मालकाला भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस देण्याआधी भाडे नियंत्रकाची परवानगी लागे. मुंबईत तसे नव्हते. आता सर्वांना एकच कायदा आहे.

या कायद्याने मालकाला वर्षाला ४ टक्के भाडेवाढीचा हक्क दिला. करवाढ किंवा सुधारणा यांसाठीची वाढ वेगळी, तिचेही नियम आहेत. 'मला परवडत नाही, म्हणून दोन हजार जास्त' हे त्या नियमांत बसत नाही. भाड्याची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. पाणी-वीज तोडून भाडेकरूला नमवता येत नाही. थकबाकीसाठी ताब्याचा दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ९० दिवस थांबावे लागते. जुन्या कायद्यात ही मुदत एक महिना होती. दाव्याचे समन्स मिळाल्यावरही ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के व्याज आणि खर्चासह कोर्टात भरली आणि पुढचे भाडे नियमित दिले, तर घर वाचू शकते.

पण आज आपल्यातले बहुतेक लोक 'लिव्ह अँड लायसन्स'वर, अकरा महिन्यांच्या करारावर राहतात. त्यांचे गणित वेगळे आहे. करारात लिहिलेली रक्कम मुदत संपेपर्यंत मालकाला एकट्याच्या मर्जीने बदलता येत नाही. मात्र मुदत संपल्यावर करार न वाढवता तिथेच राहिले, तर दुप्पट दराने भरपाई देण्याची वेळ येऊ शकते. म्हणून वाढीची बोलणी मुदत संपण्याआधी करावी. अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी लागत नाही, हा समजही चुकीचा आहे. नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती केली नाही, तर करारातील अटींबद्दल वाद झाल्यावर भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे ठरवणे मालकाकडे येते.

तेव्हा फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर अचानक भाडेवाढ कळली, तर काय करावे? आधी करार काढून वाचावा. ठरलेले भाडे ठरलेल्या तारखेला, शक्यतो बँकेतून द्यावे. मालकाला दोन ओळींचे पत्र लिहावे : आपला निरोप मिळाला, करारानुसार भाडे इतके आहे, ते मी देत आहे, वाढीचा आधार लेखी कळवावा. पत्राची प्रत आणि पोस्टाची पावती जपून ठेवावी. पत्रात राग नको. मालकाशी सलाम-दुआ चालू ठेवूनही हे सगळे करता येते. तोडगा निघाला नाही आणि आपण भाडेकरू असलो, तर प्रमाण भाडे ठरवून घेण्यासाठी मुंबईत लघुवाद न्यायालय आणि इतरत्र दिवाणी न्यायालय आहे.

उर्दू आणि मराठी शिकवताना मला एक गंमत वाटते. करार, मुदत, तारीख, मालक, दावा, वकील, अर्ज, हक्क हे सगळे शब्द अरबीतून आपल्या दोन्ही भाषांत आले आहेत. कोर्टाची ही भाषा आपल्याला परकी नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. स्त्रियांना तर तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. घरात भाड्याचा हिशेब बहुधा आईच ठेवते. अर्जही तिच्याच नावाने करायला हरकत नाही.