घडवलेला घटक, नोंदवलेला घटक : बळसाण्याच्या मंदिरांपासून वेबसाइटच्या बटणापर्यंत

१/ वेबसाइट घडवणारे संघ आज प्रत्येक पानासाठी नवे बटण घडवीत नाहीत. बटण, शोधपट्टी, अर्जातील रकाना, सूचनेची चौकट असे घटक एकदाच सिद्ध करून एका दालनात मांडले जातात. दाबलेले बटण कसे दिसते, बंद असलेले कसे, ते कोठे वापरावे आणि कोठे टाळावे, याची नोंद शेजारीच असते. या दालनाला ‘कंपोनंट लायब्ररी’ म्हणतात. या रीतीमागील गरज किती जुनी आहे, हे खानदेशातील मंदिरांच्या आधारे पाहू.

२/ धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात बळसाणे येथे अकराव्या-बाराव्या शतकांतील मंदिरांचा समूह आहे. ही मंदिरे ‘भूमिज’ परंपरेतील आहेत. माळवा आणि महाराष्ट्र या दोन्ही प्रदेशांत ही शैली विशेष रुजली.

३/ भूमिज शिखराची रचना समजून घेऊ. चारही बाजूंच्या मध्यभागी खालून वर जाणारा एक उभा पट्टा असतो, ती ‘लता’. दोन लतांमधील जागा लहान स्तंभांवर बसवलेल्या लघुशिखरांनी भरलेली असते, ते ‘कूट’. कूटांच्या आडव्या ओळींना ‘भूमी’, म्हणजे मजले, म्हणतात. वर जावे तसा कूटाचा आकार लहान होतो, रूप मात्र तेच राहते.

४/ म्हणजे संपूर्ण शिखर मोजक्याच घटकांच्या पुनरावृत्तीतून उभे राहते. भूमींची संख्या बदला, एका ओळीतील कूटांची संख्या बदला, तळाचा आराखडा बदला. नवे मंदिर तयार. अंबरनाथचे शिवालय (शके ९८२, इ.स. १०६०) आणि सिन्नरचे गोंदेश्वर एकाच भाषेत बोलतात, पण एकाची नक्कल दुसरे नाही. पुनरावृत्ती म्हणजे प्रतिभेचा अभाव, हा समज येथेच गळून पडतो.

५/ आता नोंदीकडे वळू. सातपुडा आणि नर्मदा ओलांडली की माळवा लागतो. तेथील परमार राजा भोज (अकरावे शतक) याच्या नावावर ‘समरांगणसूत्रधार’ हा वास्तुग्रंथ आहे. त्यात भूमिज प्रासादांचा स्वतंत्र वर्ग सांगितला असून चौरस, वर्तुळाकार आणि अष्टकोनी तळांनुसार त्याचे प्रकार पाडले आहेत.

६/ या परंपरेतील मापनपद्धती लक्षणीय आहे. मंदिराच्या रुंदीचे ठरावीक ‘भाग’ पाडायचे आणि प्रत्येक अवयवाला त्यांतील अमुक भाग द्यायचे. मूळ माप लहान असो वा मोठे, प्रमाण ढळत नाही. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर आणि संगणकाच्या रुंद पडद्यावर एकच पान नीट बसावे म्हणून वेबचे रचनाकार टक्क्यांत मापे देतात, तेव्हा तेही प्रमाणाचाच आधार घेत असतात.

७/ शब्दांनी प्रमाण सांगता येते, रूप मात्र दाखवावे लागते. भोपाळजवळील भोजपूर येथे अपूर्ण राहिलेल्या शिवमंदिराच्या परिसरात खडकांवर कोरलेली रेखाचित्रे आजही आहेत. तळांचे आराखडे, स्तंभ, शिखरे, थरांच्या कडा असे अनेक अवयव तेथे रेखाटलेले दिसतात. ग्रंथ आणि खडकावरील रेखाटन यांचे हे नाते आजच्या लायब्ररीतील वर्णन आणि शेजारचा जिवंत नमुना यांच्यासारखेच आहे.

८/ तथापि, नोंद लिहिली म्हणजे ती टिकतेच असे नाही. याचे उत्तर जळगाव जिल्ह्यात सापडते. चाळीसगावजवळील पाटण येथील तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचे आणि त्याला दाने मिळाल्याचे नमूद आहे. ‘सिद्धांतशिरोमणी’सारखा ग्रंथही शिकवणाऱ्यांवाचून पुढे जात नाही, ही जाणीव त्यामागे आहे. ज्या कंपोनंट लायब्ररीची देखभाल कोणी करत नाही, ती वर्षभरात निरुपयोगी होते.

९/ मंदिरापासून वेबपर्यंत थेट वारसा आहे, असा दावा येथे नाही. मात्र वास्तुकलेपासून संगणकापर्यंत आलेली एक वाट निश्चित दाखवता येते. ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुविशारदाने १९६४ च्या आपल्या ग्रंथात गुजरातमधील एका खेड्याच्या रचनेचे उदाहरण सविस्तर मांडले. १९७७ मध्ये त्याने सहकाऱ्यांसह ‘अ पॅटर्न लँग्वेज’ प्रसिद्ध केले. त्यात २५३ नमुने आहेत. प्रत्येकाची पार्श्वभूमी, समस्या, उपाय आणि इतर नमुन्यांशी असलेले नाते नोंदवलेले आहे.

१०/ १९८७ मध्ये केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी ही कल्पना सॉफ्टवेअरमध्ये आणली. असे नमुने सर्वांनी मिळून नोंदवावेत, यासाठी कनिंगहॅमने १९९५ मध्ये जगातील पहिला विकी सुरू केला. विकिपीडियाचे मूळ अशा रीतीने पुनर्वापरयोग्य घटकांच्या दस्तऐवजीकरणात आहे! पुढे २०११ मध्ये बूटस्ट्रॅप आले, २०१६ मध्ये स्टोरीबुक. घटक मांडून दाखवणे हा वेबसंघांचा नित्याचा व्यवहार झाला.

११/ आता आपल्या दारातला प्रश्न. खानदेशात कोणतेही जुने दगडी मंदिर ‘हेमाडपंती’ ठरते. हेमाद्री हा यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंबरनाथ त्याच्या सुमारे दोनशे वर्षे आधीचे! प्रत्येक घटकाला ‘चौकट’ असे एकच नाव दिलेल्या लायब्ररीत काय सापडेल? या सरसकट नावाखाली लता, कूट, भूमी हे शब्दच विस्मरणात जात आहेत.

१२/ त्याचा परिणाम केवळ शब्दांपुरता नाही. देवळामागे पडलेला दगड शिखरातला कूट आहे हे ओळखणारे गावात कोणी उरले नाही, तर तो पायरीला किंवा बांधाला लागतो आणि शिखर पुन्हा जुळवण्याची शक्यता तेथेच संपते. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने कागदपत्रे जपली. दगडांनाही तशीच नोंद हवी. पुढच्या वेळी मंदिरात गेलात, तर दगड न हलवता प्रत्येक अवयवाचे स्वतंत्र छायाचित्र घ्या आणि त्याखाली नाव, जागा व दिनांक लिहा. ‘हेमाडपंती’ एवढेच लिहून थांबू नका.